चिरेखाणीवरचा निळा कस्तूर: ओळख आणि सवयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यात, समुद्रापासून दीड-दोन किलोमीटरवरच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावर, आपले घर आहे आणि घरामागे जांभ्याचे चिरे काढण्याची, आता बंद पडलेली एक चिरेखाण आहे. दसऱ्यानंतर एक काळपट पक्षी रोज सकाळी गच्चीच्या कठड्यावर येऊन एकटाच बसतो. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांत तो जवळजवळ काळाच दिसतो. शेजारी त्याला शीळकरी कस्तूर म्हणतात, आपल्या आई मात्र ठामपणे सांगतात की हाच पक्षी गेल्या हिवाळ्यातही इथेच बसत होता. चार दिवसांपूर्वी खाणीच्या दुसऱ्या टोकाला आपल्याला एक तपकिरी, अंगावर आडव्या रेषा असलेला पक्षी दिसला. ही त्याची मादी का, ती इथे घरटे करतील का, त्यांना भाताची शिते ठेवावीत का आणि खाणीकडचा जुना गडगा (चिरे रचून केलेले कुंपण) पाडून तिथे सिमेंटची भिंत बांधली तर काही बिघडेल का, असे आपण विचारले आहे.

हा निळा कस्तूर आहे. काही जण त्याला शैल कस्तूर असेही म्हणतात, आणि ते नाव मला अधिक नेमके वाटते, कारण या पक्ष्याचे सारे जगणे दगडाशी बांधलेले आहे. शास्त्रीय नाव माँटिकोला सॉलिटेरियस. पहिल्या शब्दाचा अर्थ डोंगरावर राहणारा आणि दुसऱ्याचा एकटा राहणारा. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा निवडलेले विशेषण आपल्या कठड्यावरच्या पक्ष्याला आजही तंतोतंत लागू पडते. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या उपजातीचे नाव ‘पांडू’ आहे. दख्खनमध्ये काम केलेल्या साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने इथल्या पक्ष्यांची यादी 1832 मध्ये प्रसिद्ध केली, त्यात हे नाव आले. पूर्वी या पक्ष्याला कस्तुरांच्या कुळात धरीत असत. आता त्याची गणना माशीमार, दयाळ आणि चिरक यांच्या कुळात होते. त्याची बसण्याची आणि भक्ष्यावर झेपावण्याची रीत ज्याने पाहिली आहे, त्याला या बदलाचे आश्चर्य वाटणार नाही.

आपली छायाचित्रे पाहून मी हे सांगितलेले नाही, कारण त्यांत रंग दिसतच नाही. आपल्या वर्णनातील तीन गोष्टींवरून हे उत्तर निघाले: पक्षी दसऱ्यानंतर आला, तो उघड्यावरच्या उंच दगडी जागेवर बसतो, आणि तो एकटा असतो. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांच्या नोंदी मी गेली सव्वीस वर्षे ठेवीत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की या पक्ष्याच्या बाबतीत रंग हा सर्वांत शेवटी तपासायचा पुरावा आहे. महिना, बसण्याची जागा आणि उभे राहण्याची ढब या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर रंग न दिसताही ओळख पटते. रंगावर भिस्त ठेवली तर मात्र हमखास चूक होते. पहिली दोन वर्षे मी स्वतः रत्नागिरीजवळच्या एका खाणीतल्या निळ्या कस्तुराची नोंद शीळकरी कस्तूर म्हणूनच करीत होतो.

निळा रंग का दिसत नाही, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. पक्ष्यांच्या पिसातील काळा व तपकिरी रंग रंगद्रव्याचा असतो. निळा रंग तसा नसतो. पिसाच्या अतिसूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो आणि त्यातला निळा भाग आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. प्रकाश पक्ष्याच्या अंगावर समोरून पडला, तरच हे घडते. आपली गच्ची पूर्वेला उघडी असेल आणि आपण सकाळी अंगणातून वर पाहत असाल, तर पक्ष्याच्या मागे उजळ आकाश असते आणि आपल्याला त्याची केवळ सावली दिसते. त्याच पक्ष्याला सूर्य पाठीशी घेऊन पाहा. राखाडी-निळसर, पाटीच्या दगडासारखे अंग आणि त्याहून गडद, काळपट पंख व शेपटी दिसतील. छायाचित्र काढताना मोबाइलच्या पडद्यावर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड वाढवावा. आकाश पांढरे पडले तरी चालेल.

दुसरी अडचण ऋतूची आहे. ऑक्टोबरात आलेल्या नराची पिसे नुकतीच बदललेली असतात आणि प्रत्येक नव्या पिसाच्या टोकाला फिकट व काळपट कडा असते. त्यामुळे तो मळकट, खवल्याखवल्यांचा दिसतो. पुढे चार-पाच महिन्यांत या कडा झिजून जातात आणि खालचा निळा रंग उघडा पडतो. पिसे तीच राहतात, पण फेब्रुवारीच्या अखेरीस तोच पक्षी ऑक्टोबरातल्यापेक्षा कितीतरी निळा झालेला असतो. एकाच कठड्यावरून एकाच पक्ष्याची दर पंधरवड्याला छायाचित्रे घेतली, तर ही झीज आपल्याला क्रमाक्रमाने पाहता येईल. आपल्याला ती संधी घरबसल्या मिळाली आहे. जंगलात हिंडणाऱ्यांना सहसा ती मिळत नाही.

आता शेजाऱ्यांच्या मताविषयी. शीळकरी कस्तूर हाही निळसर काळा पक्षी आहे आणि कोकणात तो बारमाही राहतो, म्हणून गोंधळ होणे स्वाभाविक आहे. त्याची लांबी सुमारे 25 सेंटिमीटर असते आणि अंग भारी असते. निळा कस्तूर 21 ते 23 सेंटिमीटरांचा, साळुंकीपेक्षा किंचित लहान आणि सडपातळ असतो. शीळकऱ्याच्या कपाळावर आणि खांद्यावर झळझळीत निळा पट्टा असतो, बाकी अंग काळेभोर. निळ्या कस्तुराच्या अंगावर असा चमकता तुकडा कुठेच नसतो. पण खरा फरक जागेचा आहे. शीळकऱ्याला पऱ्ह्याचे, म्हणजे लहान ओढ्याचे, वाहते पाणी आणि दाट सावली लागते, आणि त्याची माणसासारखी लांबलचक शीळ आपण ऐकतो ती मुख्यतः पावसाळ्यात. उन्हाने तापलेल्या, झाडाचा आडोसा नसलेल्या कठड्यावर तासन्‌तास बसणे हे त्याचे काम नव्हे. उलट, आषाढ-श्रावणात कोकणात दिसलेला निळा-काळा कस्तूर शीळकरीच असणार, कारण त्या दिवसांत निळा कस्तूर हिमालयाच्या कड्यांवर पिल्ले वाढवीत असतो.

चिरक नर काळा असला तरी तो पुष्कळ लहान असतो, शेपटी पाठीवर उभी धरतो आणि तिच्याखाली तांबूस रंग दिसतो. कृष्ण थिरथिऱ्याची तांबडी शेपटी सतत थरथरत असते. यांच्याशी गल्लत होण्याचे कारण नाही.

अधिक लक्ष द्यावे लागते ते निळ्या टोपीच्या कस्तुराकडे. तोही हिमालयात वीण करतो आणि हिवाळा मुख्यतः पश्चिम घाटाच्या रानांत काढतो. त्याचा नर ओळखायला अवघड नाही: डोके निळे, डोळ्यावरून काळा पट्टा, पोट व कंबर नारिंगी-तांबूस आणि पंखावर ठळक पांढरा डाग. पेच मादीचा पडतो. दोन्ही जातींच्या माद्या तपकिरी असतात आणि दोघींच्या पोटावर खवल्यांसारख्या गडद रेषा असतात. निळ्या कस्तुराच्या मादीच्या पाठीवर, विशेषतः तिरप्या उन्हात, राखाडी-निळसर झाक दिसते, आणि तिच्या पोटाचा मूळ रंग मळकट पिवळसर असून त्यावरच्या रेषा दाट व बारीक असतात. टोपीवाल्या कस्तुराच्या मादीची पाठ तपकिरी-हिरवट असते, तिच्यात निळ्याचा लवलेश नसतो, आणि पोट जास्त पांढरे असल्यामुळे त्यावरचे खवले उठून दिसतात. शिवाय ती झाडांची रहिवासी आहे. रानातल्या सावलीत मधल्या फांदीवर ती निश्चल बसते आणि पानगळीत उतरून किडे वेचते. आपण पाहिलेला पक्षी खाणीच्या उघड्या कड्यावर होता, म्हणून ती निळ्या कस्तुराची मादी असण्याचीच शक्यता फार मोठी आहे. पाठीचे एक छायाचित्र मिळाले तर शंका उरणार नाही.

मात्र ती ‘त्याची’ मादी नव्हे. हिवाळ्यात या जातीत जोडपे नसतेच. नर आणि मादी दोघेही आपापली स्वतंत्र हद्द राखतात आणि त्या हद्दीत आपल्याच जातीच्या दुसऱ्या पक्ष्याला थारा देत नाहीत, मग तो नर असो वा मादी. आपल्या खाणीच्या दोन टोकांना दोन हद्दी पडल्या आहेत, असा याचा अर्थ. त्यांच्यामधली सीमा कुठे आहे, हे दोन सकाळी शांत बसून पाहिले तर कळेल. दोघांपैकी एक जण त्या ठरावीक जागेच्या पुढे आला की दुसरा घशातून कोरडा ‘टक् टक्’ आवाज काढतो, अंग पुढे झुकवतो, शेपटी झटकतो आणि सरळ अंगावर उडतो. झटापट क्वचितच होते. बहुतेक वेळा आलेला पक्षी लगेच मागे फिरतो.

त्यामुळे घरट्याचा प्रश्नच उद्भवत नाही. यांची वीण एप्रिल ते जुलैच्या सुमारास, पश्चिम हिमालय आणि त्यापलीकडच्या खडकाळ पर्वतांत होते. कड्याच्या कपारीत गवत व मुळ्यांचे साधे वाटीसारखे घरटे असते, त्यात फिकट निळी चार-पाच अंडी असतात. शिमल्यापासून रत्नागिरीपर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे 1,600 किलोमीटर भरते. जेमतेम पन्नास ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा पक्षी तेवढे अंतर वर्षातून दोनदा कापतो. जातीचा एकूण विस्तार तर त्याहून विलक्षण आहे. पश्चिमेला स्पेन-पोर्तुगालपासून पूर्वेला जपानपर्यंतच्या खडकाळ प्रदेशांत तो सापडतो आणि भूमध्य समुद्रातल्या माल्टा या देशाचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. पूर्व आशियात वीण करणाऱ्या उपजातीच्या नराचे पोट गडद तांबूस असते. परदेशी संकेतस्थळांवर तसे चित्र पाहून आपला पक्षी वेगळा ठरवू नये.

हिमालयातला पक्षी कोकणात येऊन इतका सहज कसा रमतो, असे अनेकांना वाटते. याचे उत्तर जांभ्यात आहे. पक्ष्याला हवा असतो उभा, भेगाळलेला दगड, त्याच्या पायथ्याशी आखूड गवताची मोकळी जमीन आणि चारी दिशा दिसतील अशी उंच बैठक. पाऊस संपल्यावर सड्यावरचे गवत पिवळे पडून बसू लागते, खाणींच्या भिंती सरळसोट उभ्या असतात, आणि गडगे, देवळांची शिखरे व पडक्या घरांचे चौथरे जागोजाग असतात. समुद्राकाठचे किल्ले तर त्याच्यासाठी तयार कडेच आहेत. विजयदुर्ग, जयगड, रत्नदुर्ग, सिंधुदुर्ग यांपैकी कुठेही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत तटावर नजर टाकली तर हा पक्षी भेटण्याची चांगली आशा असते. माणसांची वर्दळ त्याला फारशी खटकत नाही. ओसाड खोलीत, देवळाच्या सभामंडपात, प्रसंगी पडवीतही तो शिरतो आणि रात्री एखाद्या कपारीत किंवा वळचणीला झोपतो. आपल्या घराच्या कौलांखाली पागोळीच्या बाजूला विष्ठेचे पांढरे ठिपके दिसत असतील, तर त्याची झोपण्याची जागाही आपल्याच घरात असेल.

तो काय करतो, हे एकदा सलग अर्धा तास बसून पाहावे. गेल्या डिसेंबरात मी एका खाणीच्या काठावर त्याला असाच पाहत होतो. छाती उभी धरून तो चिऱ्यावर अगदी निश्चल बसला होता, फक्त मान एकेक अंशाने वळत होती. मग एकदा गुडघे मोडल्यासारखा चटकन वाकला, शेपटी झटकली आणि आठ-दहा हात खाली गवतात उतरला. परतला तेव्हा चोचीत बोटभर लांब नाकतोडा होता. त्याने तो दगडाच्या धारेवर उजवीकडून, मग डावीकडून आपटला. दोन्ही मोठे पाय गळून पडले तेव्हा तो एका घासात गिळला आणि चोच चिऱ्यावर दोन्ही बाजूंनी पुसली. ते गळलेले पाय मी नंतर चिऱ्यावर पाहिले, आणि त्यांच्या शेजारी आधीच्या दिवसांतल्या भुंगेऱ्यांच्या टणक पंखांचा सडा पडलेला होता. आपल्या कठड्यावर रोजच्या बैठकीच्या जागी असे अवशेष नक्की सापडतील. ते एका डबीत जमवून ठेवले, तर त्याने हिवाळाभर काय खाल्ले याचा चांगला पुरावा हाती येईल.

किडे, गोगलगायी, सुरवंट आणि एखादी लहानशी पाल किंवा सापसुरळी हे त्याचे मुख्य अन्न. वडा-उंबराची आणि घाणेरीची पिकली फळेही तो खातो. करवंदे पिकायला लागतात तोवर मात्र तो निघून गेलेला असतो. भाताची शिते किंवा पोळीचे तुकडे त्याच्या उपयोगाचे नाहीत. ते ठेवल्याने कावळे, आणि त्यांच्यामागून मांजरे येतात, आणि उघड्यावर जमिनीला उतरणाऱ्या पक्ष्याला मांजराइतका मोठा धोका दुसरा नाही. द्यायचेच असेल तर मातीच्या पसरट थाळीत बोटभर पाणी कठड्यावर ठेवावे आणि ते रोज बदलावे. खाणीलगत आपली कलमे असतील, तर मोहरावर तुडतुड्यांसाठी होणारी फवारणी खाणीच्या काठच्या गवतावर उडणार नाही एवढी काळजी घ्यावी. तो किडे उचलतो ते नेमके त्याच पट्ट्यातून.

हिवाळ्यात तो बहुतेक मुका असतो. ‘टक् टक्’ एवढाच आवाज कानी पडतो, म्हणून त्याला गाणारा पक्षी म्हणणे अनेकांना पटत नाही. परंतु फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये, निघण्याच्या आधी, नर कधी कधी पहाटे उंच बैठकीवरून हलक्या आवाजात गातो. ते बासरीसारखे, मध्येच थांबणारे, जणू स्वतःशीच घोळवलेले सूर असतात आणि खाणीच्या भिंतींमुळे ते फार गोड घुमतात. डोंगरावरचे त्याचे पूर्ण गाणे यापेक्षा खूप मोकळे व मोठे असते. आपण उजाडण्यापूर्वी गच्चीवर गेलात, तर हे सूर ऐकण्याची संधी आपल्याला मिळू शकेल.

आता आपल्या आईंच्या म्हणण्याविषयी, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे. हा पक्षी दर हिवाळ्यात त्याच जागी परततो, असे निरीक्षकांनी पूर्वीपासून नोंदवले आहे. अर्थात, जागा तीच आणि पक्षी वेगळा असेही होऊ शकते, कारण चांगली हद्द रिकामी राहिली की नवा पक्षी ती धरतो. पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेले क्रमांकाचे कडे असल्याशिवाय निर्विवादपणे सांगता येत नाही. तरीही कधी कधी निसर्गच खूण देतो. माझ्या पाहण्यातल्या एका नराच्या डाव्या पायाचे मागचे बोट तुटलेले होते. बसताना तो किंचित उजवीकडे कलत असे. लागोपाठ चार हिवाळे मी त्याला एकाच खाणीच्या एकाच कोपऱ्यातल्या चिऱ्यावर पाहिले. पाचव्या वर्षी त्या चिऱ्यावर निळा कस्तूर होता, पण त्याची सगळी बोटे शाबूत होती. म्हणून आपल्या आईंचे म्हणणे मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांना तो कशावरून ओळखू आला, हे त्यांना शांतपणे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पिसातली एखादी खोट, बसण्याची ठरलेली वेळ, न घाबरता जवळ येण्याची सवय, काहीही असू शकते. त्याच्या पायात धातूचे कडे दिसले, तर दुर्बिणीतून किंवा मोठ्या केलेल्या छायाचित्रातून त्यावरची अक्षरे व अंक वाचण्याचा प्रयत्न करावा आणि ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवावेत. पक्षी पकडण्याचा प्रयत्न मात्र कदापि करू नये.

गडग्याचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला. कोरड्या चिऱ्यांचा जुना गडगा म्हणजे या पक्ष्याचे कोठार आहे. त्याच्या फटींत गोम, कोळी, भुंगेरे, सापसुरळ्या राहतात आणि त्याच्या माथ्यावर पक्ष्याची बैठक असते. गिलावा केलेल्या सिमेंटच्या भिंतीवर बैठक मिळेल, पण तिच्या पोटात अन्न मिळणार नाही. शक्य असेल तर गडगा तसाच ठेवून जिथे ढासळला आहे तेवढाच पुन्हा रचून घ्यावा. आपल्या भागात अजूनही ते काम जाणणारे गवंडी मिळतात. भिंत बांधणे भागच असेल, तर खाणीच्या बाजूचे दहा-पंधरा हात तरी जुन्या रचनेत राहू द्यावेत आणि काम एप्रिलच्या मध्यानंतर, वैशाखात काढावे. तोवर दोन्ही पक्षी निघून गेलेले असतील आणि पावसाआधी आपले कामही उरकेल.

येत्या मार्चपासून कठड्यावर पक्षी दिसला की तारीख कॅलेंडरवर लिहीत चला, म्हणजे तो शेवटचा कधी दिसला हे आपोआप हाती येईल. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा पाहू लागा आणि पहिल्या दर्शनाची तारीख, वेळ व जागा नोंदवा. नर आणि तपकिरी मादी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण दोघांच्या येण्याजाण्यात काही दिवसांचे अंतर पडते का, हे आपल्या खाणीवर फार चांगले पाहता येईल. या नोंदी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकल्यात तर त्या इतर अभ्यासकांनाही पाहता येतील. मादीच्या पाठीचे छायाचित्र मिळाले की मला जरूर पाठवा.